पेन्सिलीतला बुधवार

आमच्या इंग्रजी विभागात कार्यक्रम असला की वरच्या मजल्याच्या व्हरांड्यात एक बाई जवळजवळ धावताना दिसते. एका हातात हजेरीचे कागद, दुसऱ्या हातात झाकण घातलेला पाण्याचा ग्लास आणि तोंडाने अखंड जप: "चला, चला, पुढे बसा, मागच्या रांगा बंद आहेत." मुलं तिला तोंडावर मॅडम म्हणतात आणि पाठीमागे सूचनाबाई. वर्गात ती नाटक शिकवते, आणि फार छान शिकवते. पण ते कुणाच्या लक्षात राहत नाही. फलकावरच्या प्रत्येक सूचनेखाली तिची सही असते, तेवढं राहतं.

मी तिच्याच खोलीत बसते. खोलीत दोन टेबलं, एक खिडकी आणि एक कपाट, ज्याचं दार आम्ही नाडीने बांधून ठेवतो. आम्ही दोघी एकाच वर्षी नोकरीला लागलो. माझा स्वभाव तिरसट आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला धक्का बसायला नको. मला कार्यक्रमांचा मनस्वी कंटाळा आहे. बाहेरून कुणीतरी यायचं, स्वतःच्याच पुस्तकाबद्दल तासभर बोलायचं, "वेळेअभावी इथेच थांबतो" म्हणून आणखी अर्धा तास घ्यायचा, चहा-बिस्किटं खायची आणि जायचं. आणि हे सगळं फोटोसकट 'विभागातील घडामोडी' या काचेच्या फलकात लावायचं, महिन्याच्या पत्रकात छापायचं. कुणी वाचत नाही. मी तर मुळीच वाचत नाही.

तिच्या गळ्यात हे काम पडलं ते नोकरीच्या पहिल्याच महिन्यात. तेव्हाचे प्रमुख म्हणाले होते, "तुमचं अक्षर चांगलं आहे, एवढी एक सूचना लिहून टाका." ती एक सूचना अजून संपायची आहे. मधल्या काळात सूचना संगणकावर टाइप व्हायला लागल्या, अक्षराचा काही संबंध उरला नाही, तरी काम तिच्याकडेच राहिलं. तिने हळूहळू त्याचं शास्त्रच बनवलं. व्याख्यान शक्यतो पहिल्या वर्षाच्या तासाला ठेवायचं, म्हणजे आख्खा वर्ग आयता उचलून आणता येतो. मागच्या रांगांना दोरी बांधायची, म्हणजे आलेली माणसं पुढे गोळा होतात आणि हॉल भरल्यासारखा दिसतो. हजेरी शेवटी घ्यायची, आधी घेतली की मागचं दार वाजायला लागतं. फोटो डाव्या कोपऱ्यातून काढायचा, तिथून रिकाम्या खुर्च्या खांबामागे जातात. पाहुणे दरवेळी खूश होऊन जायचे. "तुमच्याकडे मुलांना काय गोडी आहे हो," असं म्हणायचे, आणि आमचे प्रमुख मान तुकवून ते स्वतःकडे घ्यायचे.

या प्रमुखांना आम्ही 'बघूया' म्हणतो. माणूस वाईट नाही. त्याला नाही म्हणता येत नाही आणि हो म्हणायची हिंमत नाही, म्हणून तो सगळ्याला बघूया म्हणतो. पंखा दुरुस्त करायचाय, बघूया. रजा हवी आहे, बघूया.

कार्यालयाच्या भिंतीवर एक मोठं कॅलेंडर असतं. विभागाचं व्याख्यान दर बुधवारी, आणि कुठल्या बुधवारी कोण ते या कॅलेंडरवर लिहिलेलं. त्यात सूचनाबाईचा एक नियम होता. बाहेरचा पाहुणा शाईने लिहायचा, आपल्यातलं कुणी बोलणार असेल तर पेन्सिलीने. कारण साधं होतं. बाहेरच्याची गाडी, राहणं, मानधन सगळं ठरलेलं असतं, त्याला हलवणं म्हणजे नाकी नऊ. घरचं माणूस कुठे जाणार आहे? या बुधवारी नाही तर पुढच्या. वर्षानुवर्षं आम्ही सगळे असे पेन्सिलीत लिहिले गेलो, खोडले गेलो, आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

ती स्वतः मात्र पेन्सिलीतसुद्धा कधी आली नव्हती. इतकी वर्षं दुसऱ्यांची व्याख्यानं उभी करून तिने स्वतःचं एकही दिलेलं नव्हतं. विषय नव्हता असं नाही. विषय होता, आणि तो तिने एखाद्या आजारी मुलासारखा सांभाळला होता.

जुन्या नाटकांत एक निरोप्या असतो. धापा टाकत येतो, सांगतो की फौज हरली, जहाज बुडालं, राणी गेली. ऐकणारे कोसळतात, किंचाळतात, शपथा घेतात, आणि त्यांच्यावर नाटक पुढे चालतं. या माणसाचं काय होतं? संहितेत एकच शब्द असतो: जातो. बहुतेक वेळा त्याला नावसुद्धा नसतं. सूचनाबाईने असले निरोपे वेचून वेचून जमवले होते. कुणाला बातमीबद्दल मार पडला, कुणाला अंगठी मिळाली, कोण खोटं बोलला, कोण बोलताना रडला. नाटकातलं सगळ्यात भयंकर दृश्य बऱ्याचदा रंगमंचावर घडतच नाही, ते या बिननावाच्या माणसाच्या तोंडून कळतं, असं तिचं म्हणणं. मी तिला एकदाच म्हणाले, "अगं, हे तू स्वतःवरच लिहितेयस." ती भडकली. "प्रत्येक ठिकाणी मलाच काय शोधतेस? मला ती माणसं आवडतात. संपलं."

त्या माणसांची ओढ तिला घरातूनच लागली असावी. तिचे सासरे तार खात्यात होते, घरोघर तारा पोचवायचे. आता बरेच थकलेत, कानात यंत्र घालतात, ते अर्धा वेळ बंद असतं आणि बंद असल्याचं त्यांना ठाऊक नसतं. ती त्यांना बाबा म्हणते, म्हणून मीही म्हणते. तिचा नवरा चष्म्याच्या दुकानात बसतो, दुकान त्याचंच आहे. तो कमी बोलणारा, कुणीही भेटलं की आधी त्याच्या चष्म्याची दांडी सरळ करणारा गृहस्थ. तिघांचं घर. रविवारी मी गेले की स्वयंपाकघराच्या दारातल्या बाकावर बाबा बसलेले असायचे आणि ती भाजी चिरता चिरता त्यांना खोदून खोदून विचारत असायची.

"दार वाजवायचं," बाबा सांगायचे. "तार द्यायची, सही घ्यायची, वळायचं. आत काय लिहिलंय ते आम्हाला ठाऊक असायचं, पण तोंडावर दिसता कामा नये. दिसलं की माणूस दारातच खाली बसायचा."

"आणि तुम्ही?"

"मी काय? पुढचं घर."

तिचं व्याख्यान बाबांनी इतक्यांदा ऐकलं होतं की एखादा निरोप्या तिने गाळला तर ते आठवण करून द्यायचे. "तो जहाजवाला राहिला."

मग तिचा आवाज बसला. पहिल्यांदा आम्ही हसण्यावारी नेलं. व्हरांड्यात ओरडून ओरडून दुसरं काय होणार? पण घसा सुटेना. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत आवाज जाईना, वाक्याच्या मध्येच नुसती हवा यायला लागली. डॉक्टरांनी नळी घालून बघितलं, स्वरतंतूंवर गाठी निघाल्या. घाबरण्यासारखं नाही, पण काढाव्या लागतील. नंतर महिनाभर एक शब्द बोलायचा नाही. आवाज परत येईल, पण हाच येईल असं नाही, बारीक येईल, फाटका येईल, आत्ता काही सांगता येत नाही. तोपर्यंत आहे तो आवाज बेताने वापरा.

घरी येऊन तिने आहे तो आवाज कशासाठी वापरायचा ते ठरवून टाकलं. हातात असलेल्या या आवाजात ते व्याख्यान एकदा द्यायचं, हॉलमध्ये, माणसांसमोर. बाकी नंतर काय व्हायचं ते होईल. दुसऱ्या दिवशी ती प्रमुखांच्या खोलीत गेली आणि नोकरीत पहिल्यांदाच तिने काहीतरी मागितलं. घशाबद्दल मात्र बोलली नाही. दया म्हणून मिळालेला बुधवार तिला नको होता.

"बघूया," प्रमुख म्हणाले. मग बघण्यासारखी काही अडचण सापडेना, तेव्हा म्हणाले, "पुढच्या महिन्यातला दुसरा बुधवार रिकामा दिसतोय. घ्या."

ती कॅलेंडरपाशी गेली, स्टुलावर चढली आणि स्वतःचं नाव लिहिलं. पेन्सिलीने.

"शाईने लिही," मी खालून म्हणाले.

"नियम तो नियम. मीच केलाय ना?"

"तुझ्या नियमाला लागो आग."

ती हसली. त्या दिवसांत ती हसायची तेही आवाज वाचवून.

मग घरात खाणाखुणांचं राज्य सुरू झालं. तिने बोलणं जवळपास बंदच केलं. मीठ कमी आहे हे सांगायलासुद्धा हात. नवऱ्याने दुकानाच्या दारावर लावायला पाटी रंगवून घेतली, त्या बुधवारी दुपारी दुकान बंद. बाबांनी कोट धुवायला टाकला. हा कोट ते लग्नाकार्यातही घालत नाहीत, बटणं लावताना हात कापतात म्हणून. यंत्राला नवी बॅटरी घातली. वर्ग तेवढे ती घेत होती, पण हळू आवाजात, आणि व्हरांड्यात धावणं बंद होतं. मला वाटलं, चला, एकदा तरी या बाईच्या मनासारखं होतंय.

त्या बुधवारच्या आधीच्या सोमवारी प्रमुख आमच्या खोलीत आले. हातात फोन, चेहऱ्यावर लॉटरी लागल्याचा आनंद. एक फार मोठे प्राध्यापक, ज्यांचं नाव घेतलं की आमच्यातले भलेभले खुर्चीत सरळ बसतात, ते शेजारच्या शहरात आलेले होते. परतीच्या वाटेवर आपल्याकडे थांबायला तयार होते. फक्त बुधवारी.

"मी लगेच हो म्हणून टाकलं," प्रमुख म्हणाले. आयुष्यात हा माणूस लगेच हो म्हणाला तो नेमका तेव्हा. "कॅलेंडर बघितलं, बुधवार मोकळाच होता."

"मोकळा?" मी म्हणाले.

"म्हणजे पेन्सिलीत काहीतरी होतं. पण ते आपलं घरचंच." मग त्यांना आठवलं की ते घरचं समोरच बसलंय. "तुमचं काय हो मॅडम, कधीही करता येईल."

"शुक्रवारी ऑपरेशन आहे घशाचं," ती म्हणाली. "नंतरचं सांगता येत नाही."

प्रमुखांचा चेहरा खरोखर उतरला. ते थोडा वेळ कपाटाच्या नाडीकडे बघत राहिले. "अरेरे. मला कुणी बोललंच नाही. आता त्यांना कसं नाही म्हणायचं? तुम्ही बऱ्या व्हा, मग बघूया." दारात जाऊन ते परत वळले. "हॉल मात्र भरला पाहिजे हं. त्यांच्यापुढे आपली शोभा नको."

तिने मान हलवली. मला त्या मानेचा राग आला. प्रमुखांची पावलं जिन्यावर वाजेनाशी होईपर्यंत कसाबसा दम धरला आणि मग मी जे तोंड सोडलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांना बोलले, त्या मोठ्या प्राध्यापकांना बोलले, तिलाही बोलले. लोळण घ्यायची हौसच असेल तर कुणी काय करावं, इथपर्यंत गेले. ती ऐकून घेत होती. शेवटी कुजबुजली, "ओरड, ओरड. माझ्या वाटचंही ओरड, मला डॉक्टरांनी मना केलंय."

मी कार्यालयात जाऊन ते कॅलेंडर बघून आले. प्रमुखांनी पेन्सिल खोडायचीही तसदी घेतली नव्हती. निळ्या शाईत पाहुण्यांचं नाव तिच्या नावावरूनच लिहिलं होतं. नीट बघितलं तर खालचं अक्षर दिसत होतं.

बाबांना सांगायचं मात्र तिच्या जिवावर आलं. नवऱ्याला सांगितलं. त्याने पाटी लावायची ती लावलीच. त्यामुळे बुधवारी दोघं आले, बाबा त्या कोटात, बटणं वरखाली लागलेली. तिने त्यांना पहिल्या रांगेत पंख्याखाली बसवलं आणि धावायला गेली.

त्या दिवशी हॉल भरायला तिला फार धावावं लागलं नसतं. नाव मोठं होतं, दुसऱ्या विभागांतले लोकही आले होते, मागची दोरी सोडावी लागली. तरी ती सवयीने व्हरांडाभर "चला, पुढे बसा" करत फिरली. मी तिच्या मागे मागे "गप्प बस, मी सांगते" म्हणत फिरले. शेवटी तिने झाकणाचा ग्लास टेबलावर ठेवला, माइक वाजवून बघितला आणि पाहुण्यांची वाट बघत आम्ही उभे राहिलो.

पाहुणे येईनात. रस्त्यात कुठेतरी ट्रक आडवा पडला होता, गाड्या अडकल्या होत्या. मुलं चुळबुळायला लागली, एकेक जण दरवाजाचा अंदाज घेऊ लागला. प्रमुखांच्या कपाळावर घाम. ते घाईघाईने तिच्याकडे आले.

"मॅडम, काहीतरी बोला. वेळ काढा. ही मुलं उठून गेली तर नाक कापलं जाईल."

"काय बोलू?"

"काहीही हो. तुमचंच ते बोला ना, ते निरोपांचं."

तिने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, ही आता नाही म्हणेल, म्हणायलाच हवं. पण तिने पिशवीत हात घातला आणि कागद काढले. म्हणजे आणले होते. ऑपरेशनच्या तयारीत, सुट्टीच्या अर्जांत, पाहुण्यांच्या गाडीच्या फोनाफोनीत ती ते कागद पिशवीत घालून आली होती. आत्तासुद्धा ते आठवलं की मला कसंसंच होतं.

ती बोलायला लागली. व्याख्यान इंग्रजीतच होतं. बाबांचं इंग्रजी तारांपुरतं, पण त्यांना घरी आमच्या भाषेत सगळं पाठ झालेलं होतं, त्यामुळे ते मान डोलावत होते. पहिली काही मिनिटं मुलं फोनमध्ये होती. तिने त्यांना गप्प बसा म्हटलं नाही. तेवढा आवाज तिला परवडणारा नव्हता. ती नुसती दाराकडून टेबलाकडे चालत आली आणि निरोप्या होऊन उभी राहिली. जहाज कसं फुटलं ते सांगितलं. ज्याला सांगायचं त्याचाच मुलगा जहाजावर होता, आणि निरोप्याला ते माहीत होतं, म्हणून तो आधी वाऱ्याबद्दल बोलतो, शिडांबद्दल बोलतो, ज्याच्याबद्दल बोलायचं त्याच्याबद्दल बोलतच नाही. आवाज खरखरीत येत होता, मधूनच तुटत होता. त्या निरोप्याला तो शोभत होता. पुढच्या खुर्चीवर पाय टाकून बसलेल्या एकाने पाय खाली घेतले. फोन हळूहळू पालथे पडले. मी तिला वर्षानुवर्षं ओळखते, तिचे सगळे निरोपे मला माहीत आहेत, तरी मी खांबाला टेकून उभी होते ती हलले नाही.

कागद बरेचसे उलटून झाले होते. शेवटचं पान हातात होतं.

"निरोप सांगून होतो," ती म्हणाली. "ऐकणारे रडायला लागतात. आता त्याचं इथे काही काम नाही. तो दाराकडे वळतो. पण लगेच जात नाही. क्षणभर रेंगाळतो, कारण—"

मागच्या दारात प्रमुख उभे होते, शेजारी पाहुणे. प्रमुखांनी हात वर करून बोट गोल फिरवलं. लांबण लावणाऱ्या वक्त्यांना ती स्वतः मागून हीच खूण करते. तीच खूण, तिच्याकडूनच उचललेली.

ती थांबली. वाक्य तसंच सोडून तिने कागदांची घडी केली. "आपले पाहुणे—" असं काहीतरी म्हणायला गेली आणि पुढे नुसती हवा आली. पुन्हा प्रयत्न केला. ओठ हलले, शब्द नाही.

पहिल्या रांगेतून बाबा उठले. बहिऱ्या माणसाला आपला आवाज केवढा आहे ते कळत नाही. "आधी पाणी पी!" ते केवढ्यांदा तरी म्हणाले. कोणी काही करायच्या आत ते टेबलापाशी पोचले, पाहुण्यांच्या ग्लासवरचं झाकण काढलं आणि ग्लास तिच्या हातात दिला. तिने सगळं पाणी पिऊन टाकलं. पाहुणे मधल्या वाटेत उभे, प्रमुख त्यांच्या मागे उभे, आणि आख्खा हॉल एका बाईला पाणी पिताना बघत होता.

मग तिने पाहुण्यांची ओळख करून दिली. चिरक्या आवाजात, पण एकही पुरस्कार न गाळता. पाहुण्यांसाठी दुसरा ग्लास आणायला मी गेले, झाकण मिळालं नाही. ते बोलले, आणि खरं सांगायचं तर चांगलं बोलले. मला त्यातलं आता काही आठवत नाही.

दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी तिने पत्रकासाठी बातमी लिहून ठेवली होती. मी पाठवायच्या आधी वाचली. पाहुण्यांचं नाव, विषय, भरगच्च उपस्थिती, आणि शेवटी: 'प्रास्ताविक विभागातर्फे करण्यात आले.' मी फोन करून तिला झापलं. पलीकडून तिचा नवरा म्हणाला, "ती खुणेने सांगतेय, शब्दमर्यादा होती."

ऑपरेशन नीट झालं. महिनाभर ती गप्प होती आणि तिचं काम माझ्याकडे आलं. दोन बुधवारांतच माझी जिरली. दोरी कुणीतरी सोडायचं, मुलं मागच्या दाराने पसार व्हायची, फोटोत खुर्च्याच खुर्च्या यायच्या. एकदा पाहुण्यांनी मला विचारलं, "बाकीचे येतायत का?" संध्याकाळी घरी जाऊन मी चपलांसकट पलंगावर पडायचे. ही बाई एवढी वर्षं हे करून वर नाटक शिकवत होती, घर चालवत होती आणि निरोपे जमवत होती, ते कुठल्या ताकदीवर, मला कळलेलं नाही.

डॉक्टरांनी बोलायला परवानगी दिली त्या दिवशी मी तिच्या घरी गेले. बरोबर नवीन सत्राचं कॅलेंडर होतं, कोरं. 'मॅडमना द्या, जमेल तसं भरतील,' असा प्रमुखांचा निरोप होता. बाबा बाकावर बसले होते. नवरा दुकानातून लवकर आला होता. ती चहाचा ट्रे घेऊन उभी होती आणि आम्ही तिघं तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होतो.

"बोल काहीतरी," नवरा म्हणाला. "काहीही बोल."

ती बाबांकडे वळली. आवाज आला. बारीक, कडेला फाटलेला, अनोळखी. घरातल्या घरात पुरेल एवढाच.

"कारण त्याला वाटतं," ती म्हणाली, "कुणीतरी आपल्याला बस म्हणेल."

मला कळायला वेळ लागला नाही. हॉलमध्ये तुटलेलं वाक्य होतं ते. महिनाभर तिने ते तोंडात धरून ठेवलं होतं.

बाबांनी कानाला हात लावला. "काय म्हणाली?"

तिला मोठ्याने बोलायची बंदी होती. मी उठून त्यांच्या कानाशी गेले. "बाबा, ती म्हणतेय, निरोप्या दारात रेंगाळतो, कारण त्याला वाटतं कुणीतरी आपल्याला बस म्हणेल!"

बाबा दाराकडे बघत राहिले. यंत्र बंद असेल असं मला वाटलं.

"म्हणालं होतं एकदा कुणीतरी," ते म्हणाले. "एक म्हातारी होती. तिचा मुलगा गेल्याची तार. तिला वाचता येत नव्हतं, मीच वाचून दाखवली. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, उन्हातून आलास, दमला असशील, बस जरा."

हे त्यांनी आधी कधी सांगितलं नव्हतं. तिने ट्रे तसाच धरून विचारलं, "मग?" ते त्यांना ऐकू गेलं नसणार, पण तोंड दिसलं.

"मग काय. नाही बसलो. पिशवीत अजून तारा होत्या." त्यांनी कोटाच्या बटणाशी करतात तसं काहीतरी सदऱ्याशी केलं. "बसायला हवं होतं गं. तिच्यासाठीच म्हणत होती ती."

नवऱ्याने तिच्या हातातून ट्रे घेतला. मी आपली वेड्यासारखी ते कॅलेंडर पुढे केलं, हात मोकळे झाले होते तिचे म्हणून. तिने ते बघितलं. सगळे बुधवार कोरे होते.

"हे तूच परत घेऊन जा," ती म्हणाली. "मी जरा बसते."

बाबा बाकावर थोडे सरकले.